ऐकवाटेवरचं हरवलेलं पाणी

चंदना जांभळीखालच्या कातळावर उताणी पडली होती. डोळे मिटलेले, कानांवर हेडफोन, आणि हेडफोनमधून बिरूआबांचा खर्जातला आवाज.

"त्या म्हशीचं नाव हुतं मोराणी. कळप पुढं गेला, ही आपली मागंच. कातळाला कान लावून हुबी ऱ्हायली. माझा आजा म्हनला, हिला काय तरी ऐकू येतंय. मग त्यानं बी कान लावला. आता माझं बोलनं पुरं. आता तुमी ऐका."

आबा गप्प झाले आणि पाणी बोलायला लागलं. आधी फटीतून निसटणारी बारीक धार, मग कुंडात पडल्यावरची तिची खळखळ, आणि सगळ्यांत खाली, अगदी खोल, गुडगुड असा एक आवाज, म्हातारं माणूस झोपेत हसल्यासारखा. चंदनाला वाटलं, आपण कातळावर नाहीच, त्या पाण्यावर तरंगतोय. वरून ढग चाललेत, खालून डोंगर चाललाय, आणि आपण मधेच कुठेतरी...

"ताई. ए ताई. झोपलीस का?"

तिच्या धाकट्या भावानं, अतिशयनं, हेडफोन ओढून काढला होता. चंदना उठून बसली आणि तिला कसंतरीच वाटलं. वाऱ्याचा आवाज होता. लांबच्या पवनचक्कीची घरघर होती. पण पाण्याचा आवाज नव्हता. तिनं हेडफोन पुन्हा कानांवर चढवला. पाणी. काढला. काही नाही.

"अतिशय, पाणी नुसतं हेडफोनमध्येच आहे," ती म्हणाली.

"मग अजून कुठं असणार? रेकॉर्डिंग आहे ते."

"पण रेकॉर्डिंग इथंच केलंय ना. याच कुंडावर."

दोघांनी वाकून पाहिलं. दगडी कुंडाच्या तळाशी घोटाभर हिरवट पाणी साचलं होतं. वरच्या फटीतून एक थेंब लोंबकळत होता. तो पडायलाही तयार नव्हता.

ही दोघं भावंडं सांगलीची. दिवाळीची सुट्टी लागली तशी गुणमालामावशीबरोबर इथं आली होती, पाटणच्या वरच्या सड्यावर. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं लांबरुंद पठार. त्याच्या एका कडेला जांभळीचा धनगरवाडा, गवळी धनगरांची दहाबारा घरं आणि घरांपेक्षा जास्त म्हशी. मावशी रेडिओवर काम करायची. वाड्यावरच्या राणीनं एकदा तिला फोन केला होता. "लोक येत्यात, फुलांचे फोटो काढत्यात, जात्यात. आमच्याशी कुणी बोलत न्हाई. आमची वाट आमाला आमच्या तोंडानं सांगायची हाय."

मावशीनं रेकॉर्डर दिला आणि तो कसा वापरायचा ते शिकवलं. बाकी सगळं वाड्यानं केलं. कुठली गोष्ट सांगायची, कुठली घरातच ठेवायची, पाहुण्यांना कुठं न्यायचं नाही, हे वाड्यावरच्या माणसांनी बसून ठरवलं. नावही त्यांचंच: ऐकवाट. पाहुण्यानं हेडफोन लावायचा आणि चालायला लागायचं. चुना लावलेला दगड दिसला की थांबायचं, फोनवरचं बटण दाबायचं. मग कुणी आजीबाई कारवी कधी फुलते ते सांगायची, कुणी म्हशीला हाक कशी मारायची ते शिकवायचं. वाटेवर बोलायचं नाही, एवढा एकच नियम. तो अतिशयला फार जड जात होता.

"आवं, तुमी अजून हितंच?" खालच्या अंगानं शिवांजली चढत आली. ती राणीची धाकटी बहीण, चंदनापेक्षा वर्षानं मोठी. डोक्यावर कळशी होती आणि कळशी भरलेली होती.

"पाणी कुठून आणलंस?" चंदनानं विचारलं.

"खालच्या ओढ्यावरनं. उतरायला सोपं, चढायला लय जड." तिनं कळशी उतरवली. "दसऱ्यापासनं कुंड असंच हाय. औंदा लवकर आटलं."

"पण पाऊस तर भरपूर झाला."

"व्हय. म्हणून तर आबा म्हणतोय, डोंगर रुसला."

चंदना पुन्हा त्या लोंबकळणाऱ्या थेंबाकडे बघत राहिली. शाळेत बाई म्हणायच्या, चंदनाची तंद्री लागली की तिला दोनदा हाक मारावी लागते. आता तिसऱ्या हाकेला ती उठली.

---

चंदनाच्या घरी सूर्यास्ताच्या आत जेवायची रीत. राणीनं ती पहिल्याच दिवशी ध्यानात घेतली होती, त्यामुळे ऊन कलतं होताच नाचणीची भाकरी, घट्ट दही आणि तूप समोर आलं. पाण्याचा तांब्या मात्र राणीनं जपून भरला. चंदनानं पिशवीतलं गाळणं काढलं, तशी ती हसली. "गाळून घे बाई. पर सांडू नकोस."

राणीचे आजोबा, बिरूआबा, उंबऱ्यावर बसले होते. त्यांच्या पांढऱ्या मिशा उन्हात जर्दाळूच्या रंगाच्या दिसत होत्या.

"राने," ते सावकाश म्हणाले, "वसुबारसेला गुरं धुवायची कुठं? ओढ्यावर? म्हातारी म्हस परत वर चढायची न्हाई."

"बघू आबा."

"बघू म्हंजी? कुंड आटलं तर वाडा खाली न्यावा लागंल. शेजारच्या किष्णाच्या घरचे तसं म्हनाय बी लागले." त्यांनी पठाराकडे पाहिलं. "पांढरं गवत, ह्यो वारा, ह्ये सगळं सोडून खाली काय करायचं? कुनाच्या दारात गुरं बांधायची?"

राणीनं तांब्यावर झाकण ठेवलं. 

थोड्या वेळानं राणी मावशीकडे वळली. "परवा साताऱ्याच्या पर्यटन कचेरीतल्या मॅडम ऐकवाट बघायला येणार. कुंडाचा थांबा काढून टाकते. हेडफोनात पाणी आणि म्होरं कोरडा दगड, हे खोटं बोलल्यासारखं हुतंय."

चंदनाला आबांचा तो आवाज आठवला, मोराणीची गोष्ट आठवली. ती पुसून टाकायची? तिनं हातातला घास ताटात ठेवला.

"राणीआक्का," ती म्हणाली, "तुम्ही कुंडावरचे आवाज सारखे रेकॉर्ड करता ना? मावशी म्हणत होती."

"करते की. महिन्यातनं एकदोनदा जाऊन बसते. माझं मन रमतं तिथं."

"मला ते सगळे ऐकायचे आहेत. ओळीनं."

"ऐक की," राणी म्हणाली. "पर त्यात पाण्याबिगर काय न्हाई."

---

सकाळी धुकं इतकं होतं की गोठ्यातल्या म्हशी नुसत्या आवाजानं कळत होत्या. तिघंजण घोंगडीवर बसली. राणीच्या फोनला एका वेळी एकच हेडफोन लागायचा, म्हणून चंदना ऐकायची आणि जे ऐकेल ते सांगायची.

"आषाढ. कुंड गर्जतंय. श्रावण. बेडूक आहेत खूप. गणपतीच्या वेळचं... पाणी मस्त चाललंय. कुणीतरी शिंकलं."

"ती मीच," शिवांजली म्हणाली.

"मग हे त्याच्या पुढचं." चंदना थांबली. तिचे डोळे मिटले गेले. तिच्या पापण्यांमागे धुक्यातलं एक कुंड उभं राहिलं. धार होती, पण बारीक, दमलेली. आणि तिच्या मागे, फार लांब, काहीतरी वाजत होतं. ठण्. ठण्. थोडं थांबून पुन्हा ठण्.

"दगडावर लोखंड मारतंय कुणीतरी," ती म्हणाली.

शिवांजलीनं हेडफोन कानाला लावला. तिचा चेहरा बदलला. "पहार हाय. पहारीनं कातळ फोडतंय कोण तरी." तिनं फोनवर रेकॉर्डिंगची तारीख पाहिली. "ह्यो तर खंडेनवमीचा दिवस."

"म्हणजे?" अतिशयनं विचारलं.

"दसऱ्याचा आदला दिवस. त्या दिवशी कोयता, कुऱ्हाड, पहार, सगळ्याची पूजा. वाड्यावर कुणी हत्याराला काम लावत न्हाई. पहार तर हळदीकुंकू लावून देवापुढं ठेवलेली असती."

"मग ती पहार वाड्याची नव्हती," चंदना म्हणाली.

"न्हाई. आणि आवाज वरनं येतोय. वर तर वाघजाईची राई हाय. तिथं कोण फांदी बी मोडत न्हाई."

 मग अतिशयनं हळूच विचारलं, "राईत भूत असतं का?"

"भूत पहार कशाला मारंल रं?" शिवांजली म्हणाली. "चल, ऊठ."

---

राईच्या तोंडाशी त्यांनी चपला काढून ठेवल्या. आतली जमीन गार आणि मऊ होती. वेली झाडांवरून उतरून पुन्हा दुसऱ्या झाडांवर चढल्या होत्या आणि ऊन कवडशांमधून थेंबाथेंबानं गळत होतं. चंदना इतकी हळू चालली की अतिशयचा पाय दोनदा तिच्या टाचेवर पडला. तिला वाटत होतं, ही झाडं आपल्याकडे कान लावून आहेत, आपण त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये उमटतोय.

मावशीकडून तिनं एक गमतीचा माइक मागून आणला होता. टिकलीएवढा, चपटा. तो झाडाला चिकटवला की आतले आवाज ऐकू यायचे, जमिनीला टेकवला की जमिनीतले. मावशी त्याला टिकलीच म्हणायची.

आधी एका जुन्या आंब्याला लावला. आत काहीतरी करकरत होतं. मग मातीवर ठेवला.

"काय ऐकू येतंय?" अतिशयनं विचारलं.

"तू."

"मी तर बोलतच नाहीये."

"पाय हलवतोयस."

त्यानं पाय आवळून धरले. शिवांजलीनं हेडफोन घेतला, इथं टेकव, तिथं टेकव असं करत दोघी राईच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या. मुंग्या, मुळं, वारा. पाणी कुठंच नाही. उन्हं वर आली. अतिशय एका दगडावर बसला आणि सड्यावरच्या फुलांकडे बघत म्हणाला, "इथं कुणी भांग पाडलाय."

"काय?"

"फुलांमध्ये. बघ की. सगळीकडे पिवळी फुलं आहेत आणि मधे भांगासारखी रेघ. तिथं फुलंच नाहीत."

खरंच. राईच्या कडेपासून सोनकीची पिवळी फुलं उतारभर पसरली होती, आणि त्यांच्यामधून एक लांबलचक पट्टा गेला होता, नुसत्या मातीचा. माती सैल होती, उकरून पुन्हा लोटल्यासारखी. चंदनानं गुडघे टेकले, टिकली मातीवर दाबली आणि डोळे मिटले.

पाणी होतं. तिच्या तळहाताखालून ते धावत होतं, अंधारात, घाईघाईनं, कुणी हाताला धरून ओढत नेल्यासारखं. कुंडातला तो हसरा गुडगुडाट त्यात नव्हता.

"सापडलं," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत का कोण जाणे पाणी आलं.

शिवांजलीनं हेडफोन लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग ती उठली आणि पट्ट्याच्या वरच्या टोकाकडे, राईत, चालायला लागली. झाडाच्या मुळाशी वाळक्या फांद्यांचा ढीग होता. ती एकेक फांदी उचलून बाजूला ठेवत गेली. खाली नवंकोरं सिमेंट होतं, चौकोनी टाकीसारखं, झाकण अर्धवट बसलेलं. फटीतून वाकून पाहिलं तर कुंडाला पाणी देणाऱ्या झऱ्याचं तोंड दिसलं. कातळ फोडून ते रुंद केलं होतं आणि सगळं पाणी एका जाड काळ्या पाइपात जात होतं.

"आबाला ह्ये कसं सांगायचं?" शिवांजली पुटपुटली.

"आधी दुसरं टोक बघू," चंदना म्हणाली.

फुलांमधला पट्टा त्यांना सड्याच्या पलीकडच्या कड्याला घेऊन गेला. तिथं जरा खाली नवं रिसॉर्ट उभं राहत होतं. फाटकावर पाटी होती: ढगांचं गाव. आत निळ्या फरश्यांचा पोहण्याचा तलाव काठोकाठ भरला होता. एका कडेला सिमेंटचे खोटे खडक रचले होते आणि त्यांतून छानदार धबधबा पडत होता. टोपी घातलेला एक हसतमुख माणूस फोनवर त्याचा व्हिडिओ काढत होता.

"या, या, छोटे पाहुणे," तो म्हणाला. "मी अनीश. इथला मॅनेजर. ऐकवाटेवरून आलात? मस्तच आहे तो प्रकार. आमचे सगळे गेस्ट मी तिकडेच पाठवणार आहे."

"काका, येवढं पाणी कुठनं आणलं?" शिवांजलीनं विचारलं.

"टँकरनं." त्यानं फोनवरून नजरही उचलली नाही.

"पण खालच्या वळणावर रस्ता खचलाय," अतिशय म्हणाला. "आमची एसटी तिथंच थांबली. आम्ही चालत वर आलो. टँकर कसा आला?"

अनीश हसला. "हुशार आहे हा. नाव काय तुझं?"

"अतिशय."

"अतिशय काय?"

"नुसतंच अतिशय."

"बरं, अतिशय, ऊन फार आहे. घरी जा आता."

---

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते उठले आणि कोपऱ्यातली पहार त्यांनी हातात घेतली.

"आबा, ठेव ती," राणी म्हणाली.

"राईत हत्यार घातलं त्यानं. वाघजाईच्या तोंडातलं पानी काढलं."

"व्हय. पर तू पाइप फोडलास तर तो म्हणंल, पाइप कुठला, कुणाचा? आणि चार दिसांनी दुसरा टाकंल. मी गेल्या आठवड्यात विचारलं हुतं त्याला, तलावातलं पाणी कुठलं म्हणून. मलाबी टँकरच सांगितला. त्याच्या तोंडून खरं यायला पायजे. चार माणसांसमोर."

मावशी म्हणाली, "तक्रार देता येईल."

"देऊ की. पर तवर वसुबारस जाईल, आणि वाडा बी खाली जाईल."

चंदना भिंतीला टेकून बसली होती. बोलणी तिच्या कानांवरून वाहत होती. तिच्या मनात सांगलीचं पप्पांचं हळदीचं गोदाम आलं होतं. गोदामाची फरशी धुतली की गटारातून पिवळं पाणी निघायचं. लहानपणी ती त्याच्या बरोबरीनं गल्लीभर पळत जायची, ते पार कोपऱ्यावरच्या मोरीत पडेपर्यंत. पाणी कुठून कुठं जातं, ते तेव्हा सगळ्या गल्लीला दिसायचं.

"चंदना," मावशीनं तिसऱ्यांदा हाक मारली.

"वाट लांबवायची," चंदना म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"ऐकवाट. कुंडाचा थांबा काढायचा नाही. कुंडापासून पुढे न्यायची, राईतून, त्या पट्ट्यावरून, तलावापर्यंत. मॅडम येणारच आहेत. त्या काकांनाही बोलवायचं. वाटेवर कुणी बोलत नाही ना, तोच नियम आहे. सगळे नुसते ऐकत जातील. आणि झऱ्यात हळद टाकायची."

 आबांनी पहार परत कोपऱ्यात ठेवली. मग त्यांनी कमरेची पिशवी सोडून तळहातावर चिमूटभर पिवळीधमक पूड घेतली. बिरोबाचा भंडारा. हळदच ती.

"ह्यो चालंल का?" त्यांनी विचारलं.

"चालेल," चंदना म्हणाली. "पण जास्त लागेल."

राणी विचार करत होती. राईत पाहुण्यांना न्यायचं नाही, असं वाड्यानं ठरवलेलं. तिनं आबांकडे पाहिलं. आबांनी मान हलवली. "एक डाव. वाघजाईला मी सांगतो."

"मग बोलायचं कुणी?" मावशीनं विचारलं.

"शिवांजलीनं," राणी म्हणाली. "तिनं बघितलंय, तीच सांगंल."

शिवांजलीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

---

पाहुणे आले तेव्हा सड्यावर गवत चांदीसारखं हलत होतं. साताऱ्याच्या मॅडम, त्यांच्याबरोबरची तीनचार माणसं आणि नवी टोपी घालून अनीश. त्यानं आनंदानं हेडफोन लावून घेतला. "मलाही पाहायचंच होतं," तो म्हणाला.

"बघायचं न्हाई, ऐकायचं," राणी म्हणाली.

रांग निघाली. कारवीच्या झुडपांतून, चुना लावलेल्या एका दगडाकडून दुसऱ्याकडे, कुणी एक शब्द न बोलता. चंदना शेवटी चालत होती. सगळ्यांच्या कानांत वेगवेगळ्या क्षणी वेगवेगळी माणसं बोलतायत आणि बाहेर नुसता वारा आहे, हे तिला एखाद्या स्वप्नासारखं वाटत होतं. आपण स्वप्नाच्या बाहेरून स्वप्न बघतोय असं.

कुंडावर मॅडम बराच वेळ थांबल्या. त्यांनी हेडफोन काढला, कोरड्या फटीकडे पाहिलं, पुन्हा लावला. मग राणीनं पुढे चलण्याची खूण केली.

आता शिवांजलीचा आवाज होता. सुरुवातीला जरा कापरा, मग स्थिर. "चपला हितं काढा. ही वाघजाईची राई. हितं आमी हळू बोलतो, म्हणून मी बी हळू बोलते. म्होरं आबा भंडारा वाहील. तो कुठं पडतो ते बघा."

टाकीच्या फांद्या बाजूला केलेल्या होत्या. आबा अनवाणी उभे होते. त्यांनी ओंजळ भरून भंडारा कपाळाला लावला आणि फटीतून आत सोडला. पुन्हा भरली, पुन्हा सोडली. अनीशच्या चेहऱ्यावरचं हसू जरासं सैल झालं.

"आता फुलांकडे बघा," शिवांजली सांगत होती. "जिथं फुलं न्हाईत तिथनं चाला."

वाटेत चंदनानं टिकली मातीवर टेकवली आणि तिचा हेडफोन एकेकाच्या कानाला दिला. मॅडमनी ऐकलं. त्यांच्या भुवया वर गेल्या. सगळ्यात शेवटी अनीशची पाळी आली. त्यानं ऐकलं न ऐकलं आणि हेडफोन उतरवला.

"ही वाट नकाशात नाहीये," तो राणीला म्हणाला.

अतिशयनं लगेच ओठांवर बोट ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा तो दुसऱ्या कुणाला तरी गप्प करत होता आणि ते त्याला फारच आवडलेलं दिसलं.

तलावाच्या काठावर सगळे थांबले. खोट्या खडकांतून धबधबा पडत होता. स्वच्छ, पांढरा. चंदनानं धारेवर डोळे लावले. हळद वाटेतच बसली तर? पाइप दुसरीकडेच जात असेल तर? अनीशनं हेडफोन गळ्यात घेतला, घसा साफ केला.

"हे पाणी, मॅडम, आम्ही टँकरनं..."

धबधब्यात एक पिवळी रेघ आली. आधी दोऱ्याएवढी, मग वेणीएवढी. मग सगळी धारच पिवळी झाली आणि निळ्या पाण्यात ती उमलत गेली, एखादं मोठं फूल सावकाश उघडावं तशी.  वाटेचा नियम अजून चालू होता.

"हे आमच्या झऱ्याचं पाणी," सगळ्यांच्या कानांत शिवांजली म्हणाली. "ह्यावर आमच्या म्हशी जगतात. म्हशींवर आमी. थांबा संपला."

मॅडमनी हेडफोन काढला. "अनीश, टँकर पिवळा होता का?" त्यांनी शांतपणे विचारलं.

अनीश काठावर बसला. त्याची टोपी आता हातात होती. "पाइप टाकणारा म्हणाला, रानातलं पाणी आहे, कुणाचं नाही. वाया जातंय."

"इच्यारलं हुतंस का कुनाला?" आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच अनीशला वर बघता येईना. "हाकेच्या अंतरावर वाडा हाय, गड्या. रोज धूर दिसतोय आमच्या चुलींचा."

"नाही विचारलं," अनीश हळूच म्हणाला. "आणि राणीताईंनी विचारलं तेव्हा खोटं बोललो."

मॅडम म्हणाल्या, पाइप निघेपर्यंत त्या स्वतः पाटणात थांबतील, आणि त्याबद्दल जे लिहायचं ते लिहितील. राणीनं एक अट घातली. राईत पहार चालायची नाही. जे काढायचं ते हातानं काढायचं, अनवाणी.

---

दुसऱ्या दिवशी, वसुबारसेच्या सकाळी, अनीश चारपाच माणसं घेऊन आला. त्यानं विजार गुडघ्यापर्यंत दुमडली होती. सिमेंट हातोडीशिवाय निघेना, तेव्हा आबांनीच देवीची माफी मागून तेवढी परवानगी दिली. पाइप मात्र त्यांनी हातांनी माती उकरत काढला. अनीशची नखं काळी झाली, पण तो मधेच उठून गेला नाही. जाताना म्हणाला, तलाव आता पावसाळ्याच्या साठवलेल्या पाण्यावर भरेन. "आणि पुढच्या वेळी काही करायचं झालं तर आधी वाड्यावर येईन."

"ये की," राणी म्हणाली. "दही खायला बी ये."

कुंड लगेच भरलं नाही. आधी नुसता गढूळ फेस आला, मग काही वेळ काहीच नाही. पोरं काठावर बसून राहिली. दुपारी कधीतरी फटीतून धार सुटली आणि म्हातारी म्हैस कुणी न बोलावता येऊन उभी राहिली. मग जी काही गडबड उडाली ती विचारू नका. गुरं धुतली, शिंगं रंगवली, अतिशयनं एका रेडकाला इतकं धुतलं की ते कंटाळून पळून गेलं. किष्णाच्या घरच्यांनी बांधलेली गाठोडी सोडली.

आबा चंदनाजवळ येऊन बसले.

"शाळंत काय म्हनत्यात तुला?"

"म्हणतात, माझी तंद्री लागते."

"लागू दे," आबा म्हणाले. "आमी सगळी पान्यापाशी बसून रडत हुतो. तू ऐकत हुतीस." त्यांनी तिच्या कपाळाला भंडारा लावला. मग शिवांजलीच्या, मग ओल्या अतिशयच्या. "तुझा भांग बी बरा उपेगी पडला रं."

संध्याकाळी वाड्यानं बसून ठरवलं की तलावापर्यंतची वाट बंद करायची. "वाईट तेवढं लोकांना कशाला दाखवायचं," राणी म्हणाली. राईही पुन्हा पाहुण्यांना बंद. पण शिवांजलीचा आवाज वाटेवर राहायला हवा, यावर सगळ्यांचं एकमत झालं. तिनं आपल्या मनची गोष्ट सांगायची. कुठली, ते तिनंच ठरवायचं.

सकाळी सांगलीला निघायच्या आधी दोघी सड्याच्या कडेला गेल्या. चंदनानं माइक धरला. शिवांजली दोनदा सुरू झाली आणि दोनदा हसली. तिसऱ्यांदा तिनं सांगायला घेतलं. पावसाळ्यात धुकं इतकं दाट होतं की तिचं एक रेडकू चुकून ढगात शिरलं आणि ते शोधायला ती स्वतः ढगात शिरली, तिथं आत काय होतं, त्याची ती गोष्ट होती. चंदनानं डोळे मिटले. खालून मावशीच्या हाका येत होत्या, एसटी चुकेल म्हणून. शिवांजली बोलायची थांबली.

"सांग," चंदना म्हणाली. "रेडकू सापडू दे, मग जाऊ."